नांगराचं चिलखत आणि बांबूचा कामठा: बंडखोरांच्या हत्यारांबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

शिरपूर, शहादा, चोपडा या पट्ट्यातल्या शाळांमध्ये मी अधूनमधून जुन्या हत्यारांवर बोलायला जातो. सोबत पडद्यावर दाखवायची चित्रं, एक खरा कामठा, म्हणजे धनुष्य, आणि एक गंजका फाळ एवढंच सामान. बोलणं अर्ध्या तासात उरकतं, प्रश्न मात्र तासभर चालतात. गावं बदलली तरी प्रश्न बहुतेक तेच असतात, म्हणून ते उत्तरांसह एका जागी लिहून ठेवले.

नेड केली कोण? आणि खानदेशात त्याची गोष्ट कशाला?

ऑस्ट्रेलियाच्या व्हिक्टोरिया प्रांतातला आयरिश घरातला हा पोरगा. गरीब शेतकरी, वर मोठे जमीनदार आणि त्यांच्या बाजूचे पोलीस, अशा वातावरणात वाढला. ऑक्टोबर १८७८ मध्ये त्याच्या टोळीच्या हातून तीन पोलीस मेले. त्यानंतर दोन बँका लुटल्या. २८ जून १८८० ला ग्लेनरोवन नावाच्या गावी, लोखंडी चिलखत घालून तो पोलिसांसमोर उभा राहिला आणि पकडला गेला. ११ नोव्हेंबर १८८० ला मेलबर्नच्या तुरुंगात त्याला फाशी झाली.

खानदेशात ही गोष्ट सांगण्याचं कारण सोपं आहे. ज्या वर्षी ग्लेनरोवनची चकमक झाली, त्याच १८८० साली सरकारने खानदेशचं गॅझेटियर छापलं. भिल्लांच्या बंडांचा इतिहास त्यात सरकारी नजरेतून लिहिलेला आहे. राज्य एकाच राणीचं. तिकडच्या बंडखोराचं लोखंड काचेच्या पेटीत आहे, इकडच्या बंडाचा मोठा भाग कागदात आहे. दोन्ही शेजारी ठेवून वाचलं की काही गोष्टी उलगडतात.

त्याला दरोडेखोर म्हणायचं, बंडखोर म्हणायचं की क्रांतिकारक?

यावर वर्गात दरवेळी भांडण होतं, होऊ द्यावं. कायद्याच्या भाषेत केली ‘कायद्याबाहेर काढलेला’ होता. १८७८ मध्ये व्हिक्टोरियाच्या विधिमंडळाने खास कायदा करून या टोळीला कायद्याचं संरक्षणच काढून घेतलं. म्हणजे दिसला तर कुणीही गोळी घालावी, खुनाचा आरोप लागणार नाही. चौघांच्या डोक्यावर मिळून ८,००० पौंडांचं बक्षीस होतं.

आपल्याकडे कागदात शब्द येतो ‘बंड’, आणि करणारा ‘बंडवाला’ किंवा ‘पुंड’. लोकांच्या तोंडी मात्र तंट्या भिल्ल ‘तंट्या मामा’ होतो. ज्याला सरकार पुंड म्हणतं त्याला गाव मामा म्हणत असेल, तर त्याला भाकरी कुठून मिळत होती हे वेगळं शोधायला नको.

चिलखत नक्की कशाचं होतं?

नांगराचं. पण फाळाचं नव्हे. ट्रॅक्टरच्या मागचा पलटी नांगर आठवा. त्यात फाळाच्या वर माती उलटी करणारा जो वाकडा जाड पत्रा असतो, तो. अशा पत्र्यांची छाती, पाठ, कमरेखालचा पडदा आणि डोक्यावर उलट्या डब्यासारखं शिरस्त्राण, डोळ्यांपुरती एक फट. पत्रा साधारण सहा मिलिमीटर जाड. नेडच्या पूर्ण साजाचं वजन चाळीस किलोच्या वर. टोळीतल्या चौघांसाठी चार संच बनवले होते. चारही टिकले, हे विशेष.

हे काम लोहाराचं होतं की त्यांनी स्वतः केलं?

हा माझा आवडता प्रश्न, त्यामुळे उत्तर लांबणार.

शंभरेक वर्षं यावर नुसत्या गप्पा होत्या. कुणी म्हणे गावच्या लोहाराने रात्री चोरून बनवलं, कुणी म्हणे जंगलात ओल्या लाकडाच्या ओंडक्यावर पत्रा ठोकून वाकवला. मग वीसेक वर्षांपूर्वी टोळीतल्या जो बर्न याचं चिलखत सिडनीजवळच्या लुकस हाइट्सच्या अणुभट्टीत नेऊन तपासलं. न्यूट्रॉनच्या झोताने लोखंड न कापता त्याच्या पोटातली रचना वाचता येते. धातू किती तापला होता, कसा थंड झाला, याची आठवण त्याच्या कणांत राहते. निष्कर्ष असा निघाला की पत्रा साधारण ७५० अंशांपर्यंतच तापला होता. मुरलेल्या लोहाराच्या भट्टीत लोखंड याहून बरंच जास्त तापतं. म्हणजे हे काम कसलेल्या कारागिराचं नाही, उघड्यावरच्या जुगाडू भट्टीतलं आहे.

७५० अंश म्हणजे किती, हे आकड्याने मुलांना कळत नाही. म्हणून एकदा मी आमच्या गावच्या लोहारकाकांच्या भात्यासमोर जाऊन बसलो. त्यांनी जुना फाळ कोळशात सारला. आधी लोखंड काळंच राहिलं, मग कडेने मळकट तांबूस झालं, मग गुंजेच्या बीसारखं लालभडक. काका म्हणाले, “आत्ता वाकवशील तर वाकेल, पण कुरकुरेल. अजून थांब.” भाता चालू राहिला. लाल गेलं, केशरी आलं, केशरी पिवळं व्हायला लागलं तेव्हा त्यांनी सांडशीने फाळ उचलून ऐरणीवर ठेवला. घण पडला तसा लोखंड गुळाच्या भेलीसारखं पसरलं.

केलीची माणसं त्या गुंजेच्या लालीवरच थांबली होती. लोखंड ‘कुरकुरत’ असतानाच त्यांनी ते वाकवलं. चिलखताच्या कडा पाहिल्या की ते दिसतं. घाई, ताकद आणि अर्धवट जमलेली कला.

आता खरी गोष्ट. हे पत्रे आले कुठून? काही चोरलेले, काही सहानुभूती असणाऱ्या शेतकऱ्यांनी दिलेले. अशा पत्र्यांवर नांगर बनवणाऱ्या कारखान्याचा ठसाही सापडला आहे. एक चिलखत म्हणजे दोन-चार नांगर निकामी. शेतकऱ्याच्या घरातून नांगराचा पत्रा जातो आणि तो तक्रार करत नाही, याचा अर्थ आपल्याकडच्या कुणालाही समजावून सांगावा लागत नाही. चिलखत अंगावर एकाच्या, पण त्यात अख्खं शिवार गुंतलेलं. माझ्या मते बंडखोराचं हत्यार पाहताना सगळ्यात आधी हेच विचारावं. याला लोखंड कुणी दिलं, आणि कोण कोण गप्प बसलं?

एवढं सगळं चाललं होतं आणि पोलिसांना पत्ता नव्हता?

होता की! पत्रे चोरीला गेल्याच्या तक्रारी आल्या होत्या. शिवाय मे १८८० मध्ये एका खबऱ्याने सांकेतिक भाषेत पत्र धाडलं. नांगरांचे गहाळ झालेले भाग आता ‘जाकीट’ म्हणून तयार होत आहेत, छान बसतात, दहा यार्डांवरून मारा केला तरी टिकतात, असा त्याचा मतलब. हे वाचूनही वरच्या साहेबांनी मनावर घेतलं नाही. चिलखतवाला माणूस पहाटेच्या धुक्यातून चालत आला तेव्हा काही शिपायांना ते भूत वाटलं.

चाळीस किलो अंगावर घालून माणूस लढेल कसा?

नीट लढता येत नाहीच. बंदूक खांद्याला लावून नेम धरता येत नाही, बाजूचं दिसत नाही, पडलं तर उठता येत नाही. गोळ्यांनी पत्र्यावर खळगे पाडले, आरपार एकही गेली नाही, पण हातपाय उघडे होते. पोलिसांच्या लक्षात आल्यावर त्यांनी पायांवर मारा केला आणि नेड कोसळला. जो बर्नला मांडीजवळ, पत्रा संपतो त्या जागी गोळी लागली आणि तो रक्तस्रावाने मेला.

मग एवढा आटापिटा कशाला? त्यांचा डाव पळण्याचा नव्हता. पोलिसांची खास आगगाडी रुळांवरून पाडायची आणि उरलेल्यांशी समोरासमोर भिडायचं, असा बेत होता. गावच्या शाळामास्तरांनी मेणबत्तीपुढे लाल रुमाल धरून गाडी थांबवली आणि बेत फसला. पण चिलखत तो बेत अजून सांगतं. चाळीस किलोचं लोखंड घालणाऱ्याने पळायचं नाही हे आधीच ठरवलेलं असतं.

आपल्या खानदेशातल्या बंडवाल्यांनी असं चिलखत का केलं नाही?

शहाद्याच्या एका मुलाने हे अहिराणीत विचारलं होतं, “भाऊ, आपला लोकेस्नी काबर नही करं?” मला क्षणभर उत्तर सुचलं नाही. मग तो फाळ हातात घेतला.

१८८० च्या आसपास आपल्याकडचा नांगर लाकडाचा. बाभळीचं खोड, त्याला पुढे लोखंडी फाळ, बस. माती उलटवणारा मोठा लोखंडी पत्रा आपल्या नांगराला नव्हताच. किर्लोस्करांचा लोखंडी नांगर आला तो विसाव्या शतकाच्या सुरुवातीला. तेव्हा १८५७ च्या बंडातले भिल्ल पुढारी खाज्या नाईक यांच्या काळात अख्ख्या तालुक्याचे नांगर चोरले असते तरी एकाच्या छातीपुरताही पत्रा निघाला नसता. कुदळ, कोयता, फाळ इतकंच लोखंड, आणि तेही झिजेपर्यंत वापरायचं.

दुसरं कारण सातपुडा. उभा चढ, खोल नाले, सागाचं जंगल. इथल्या लढाईचा कणा म्हणजे अचानक वर यायचं, मारायचं आणि डोंगरात विरघळायचं. लोखंडाचा पत्रा घातलेला माणूस दुसऱ्या नाल्यातच बसला असता. जंगल हीच त्यांची ढाल होती.

तिसरं कारण माणसांचं. खाज्या नाईक आधी सरकारी नोकरीतच होते. मुंबई-आग्रा रस्त्यावर सेंधव्याचा घाट राखायचं काम त्यांच्याकडे होतं. कुठला काफिला कधी जातो, बैलगाड्या कुठल्या वळणावर हळू होतात, पहाऱ्याचे शिपाई कुठे पाणी पितात, हे सगळं त्यांना नोकरीनेच शिकवलं. १८५७ च्या नोव्हेंबरात त्याच रस्त्यावर सुमारे सात लाखांचा सरकारी खजिना लुटला गेला. पुढे ११ एप्रिल १८५८ ला सातपुड्यातल्या अंबापाणीला मोठी लढाई झाली. १८६० मध्ये खाज्या नाईक दग्याने मारले गेले. त्यांचे साथीदार भीमा नाईक यांना पकडून अंदमानात पाठवलं, ते तिकडेच वारले.

अशा माणसांचं मोठं हत्यार डोक्यात असतं. ते काचेच्या पेटीत ठेवता येत नाही.

पण भिल्ल फक्त धनुष्यबाणानेच लढत होते ना?

नाही. शाळेच्या भिंतीवरच्या चित्रांनी केलेला हा घोळ आहे. तोड्याच्या, म्हणजे जळत्या वातीने पेटवायच्या बंदुका, तलवारी, भाले सगळं होतं. मराठेशाही मोडली तेव्हा खानदेशात हत्यारबंद बेकार शिपाई पुष्कळ होते, त्यात अरब मोठ्या संख्येने. १८१८ मध्ये मालेगावचा किल्ला अरबांनी इंग्रजांविरुद्ध आठवडेच्या आठवडे लढवला. अशा मोडलेल्या फौजांची हत्यारं डोंगरात पोचायला वेळ लागत नाही.

तिरकामठा म्हणजे तसं खेळणंच की.

हातात घेऊन पाहा, मग बोला. माझ्याकडचा कामठा धडगावकडच्या एका पावरा आदिवासी म्हाताऱ्याने दिलेला आहे. चिरलेल्या बांबूचा, मधे जाड आणि टोकांना निमुळता. लोकांना नवल वाटतं ते दोरीचं, कारण ती दोरी नाहीच. बांबूच्या सालीची लांब पट्टी दोन्ही टोकांना खाचेत अडकवलेली असते. पावसात सुताची दोरी भिजून सैल पडते, ही पट्टी फारशी पडत नाही. तीराला मागे पिसं, पुढे लोखंडी पातं. म्हाताऱ्याने मला ओढायला दिला तेव्हा माझ्याच्याने तो अर्धाही ताणला गेला नाही. तो हसला, म्हणाला, “मास्तर, खांद्याने ओढ, हाताने नको.”

एका तीराला लोखंड लागतं दोन-तीन चमचे वितळतील एवढंच. बाकी सगळं जंगल फुकट देतं. बंदुकीला दारू हवी, शिसं हवं, तोडा कोरडा हवा, आणि बार उडाला की आवाज तीन डोंगर ऐकतात. तीर गप्प जातो. गरीब माणसाच्या लढाईचा हिशोब यात आहे.

आणि कामठा टिकत का नाही, तेही यातच. बांबूला भुंगा लागतो, वाळवी लागते, मोडला की चुलीत जातो. नवा करायला अर्धा दिवस पुरतो, मग जुना जपेल कोण? लोखंड शंभर वर्षं माळ्यावर पडून राहतं. तेव्हा संग्रहालयात जे उरलं त्यावरून कोण किती लढलं हे ठरवू नये.

सरकार खरंच धनुष्यबाणाला घाबरत होतं का?

१८७८ चा शस्त्र कायदा काढून पाहा. ‘शस्त्र’ कशाला म्हणायचं याची यादी त्यात आहे. बंदुका, संगिनी, तलवारी, खंजीर, भाले, आणि त्याच दमात धनुष्यबाण. तोफेच्या ओळीत बांबूचा कामठा बसवणारं सरकार त्याला खेळणं नक्कीच समजत नव्हतं. मजेची गोष्ट अशी की ऑस्ट्रेलियात केलीला कायद्याबाहेर काढलं तेही १८७८ मध्येच.

याची दुसरी बाजूही आहे. १८२५ मध्ये औट्रम साहेबाने धरणगावला खानदेश भिल्ल पलटण उभी केली. ज्यांच्याकडून तीर काढून घ्यायचे त्यांच्याच भाईबंदांच्या हातात बंदूक दिली आणि डोंगर त्यांच्याकडून राखून घेतला. चिलखतापेक्षा ही युक्ती जास्त चालली.

संग्रहालयातली पाटी खरी मानायची का?

वाचा, पण जपून. केलीच्या टोळीची चार चिलखतं चकमकीनंतर इकडेतिकडे झाली, पत्रे एकमेकांत मिसळले, आणि कित्येक वर्षं एकाचा पत्रा दुसऱ्याच्या अंगावर दाखवला जात होता. चकमकीनंतर लगेच काढलेले फोटो ताडून पाहिले तेव्हा घोळ कळला. २००२ च्या सुमारास संस्थांनी आपापसात अदलाबदल करून नेडचं चिलखत बरंचसं मूळ रूपात जुळवलं. पोलिसांच्या ताब्यातल्या, फोटो काढलेल्या, खटल्यातल्या वस्तूची ही गत!

एका संग्रहालयात, नाव घेत नाही, मी एका कट्यारीखाली पाटी वाचली होती. ‘प्राचीन शस्त्र.’ एवढंच. तिथल्या माणसाला विचारलं, कुठलं, कुणाचं, कुणी दिलं? तो म्हणाला, “साहेब, लिहिलंय ना, प्राचीन.” वस्तू कुठून कुणाच्या हातून आली ही साखळी तुटली की उरतं ते भंगारातलं लोखंड, जरा जास्त धारेचं.

मग लंडनहून आलेली वाघनखं खरी की खोटी?

यावर रागावून बोलणारे दोन्ही बाजूंना आहेत, म्हणून माहीत असलेलं तेवढंच सांगतो. जुलै २०२४ मध्ये लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयाने ती तीन वर्षांसाठी महाराष्ट्रात पाठवली, आधी साताऱ्याला. ती साताऱ्याला इंग्रजांचा रेसिडेंट असलेल्या ग्रँट डफच्या घराण्याकडून त्यांच्याकडे गेली, आणि सोबतच्या पेटीवर ती शिवाजी महाराजांची असल्याचा मजकूर आहे. ती महाराजांनीच वापरली होती हे पडताळता येत नाही, असं ते संग्रहालय स्वतःच नोंदवतं. पेटीवरचा मजकूर हाही पुरावाच, पण तो पेटीच्या काळाचा.

आमच्या घरी आजोबांची तलवार आहे. शिवकालीन असेल का?

असेलही. पण पात्यावर परदेशी खुणा दिसल्या म्हणून नाराज होऊ नका. मराठ्यांच्या कितीतरी तलवारींना युरोपातून आलेली पाती होती. ‘फिरंग’ हे नाव त्यातूनच पडलं, आणि जर्मन पात्याला ‘आलेमानी’ म्हणत. पातं तिकडचं, मूठ इकडची.

आता हात जोडून विनंती. खंडेनवमीला पूजा जरूर करा, पण हळदकुंकवाचं पाणी पात्यावर सुकू देऊ नका. तिथूनच गंज धरतो. लिंबू, चिंच, पॉलिश पेपर अजिबात नको. घासून लखलखीत केलेली तलवार म्हणजे खाडाखोड केलेला दस्तऐवज. पात्यावरचं कोरीव काम, वापराचे ओरखडे, सगळं जातं. मऊ कोरडं फडकं, वर हलकंसं मशीनचं तेल, एवढं पुरे. नऊ इंचांहून लांब पातं असेल तर शस्त्र कायद्याचे नियम लागू होऊ शकतात, आणि बंदूक असेल तर आधी पोलीस ठाण्यात चौकशी करा. शंभर वर्षांहून जुनी वस्तू परदेशी विकायला १९७२ च्या कायद्याने बंदी आहे. गावात ‘जुन्या वस्तू घेतो’ म्हणत फिरणाऱ्यांना हे पक्कं माहीत असतं, तुम्हाला नसतं.

तंट्या मामा आपल्या खानदेशातले का?

मूळ निमाडचे, खंडव्याकडचे. पण डोंगर एकच, त्यामुळे वावर खानदेशच्या हद्दीतही होता. ४ डिसेंबर १८८९ ला जबलपूरला त्यांना फाशी झाली. महूजवळ पाताळपाणीला त्यांचं ठाणं आहे, लोक नवस बोलतात.

हे सगळं बघायला कुठे मिळेल?

नेडचं चिलखत मेलबर्नच्या स्टेट लायब्ररीत आहे. कुणाचे नातेवाईक तिकडे असतील तर त्यांना बेनॅला गावातला हिरवा रेशमी कमरपट्टाही बघायला सांगा. पोरवयात नेडने बुडणाऱ्या एका मुलाला वाचवलं, त्याच्या घरच्यांनी दिलेला हा पट्टा. शेवटच्या दिवशी तो त्याने चिलखताच्या आत घातला होता आणि त्यावर रक्ताचे डाग आहेत. चाळीस किलो लोखंडापेक्षा मला तो पट्टा जास्त बोलका वाटतो.

इकडे, कागदपत्रांची आवड असेल तर धुळ्याचं राजवाडे संशोधन मंडळ. आणि कामठा बघायचा असेल तर होळीच्या आधी धडगाव, अक्कलकुवा बाजूच्या भोंगऱ्या बाजाराला जा, नाहीतर काठी गावच्या होळीला. ढोल, घुंगरू, डोक्यावर मोरपिसांचा टोप, आणि कित्येकांच्या खांद्यावर कामठा. तिथे फोटो काढण्याआधी विचारा. गेल्या खेपेला मी न विचारता काढला, तर एका पोराने कामठा खाली केला आणि म्हणाला, “आधी नाव विचार ना, दादा.”